चित्र बघून वाचणारा मुलगा : न्यू जर्सीतल्या एका तिसरीचं प्रकरण

पार्श्वभूमी

अर्णव हे त्याचं खरं नाव नाही. गाव, शाळा आणि घरातले काही तपशीलही मुद्दाम झाकले आहेत.

मी मध्य न्यू जर्सीत राहते आणि रविवारी भरणाऱ्या मराठी शाळेत शिकवते. अर्णव माझ्या वर्गात दोन वर्षं होता. वडील आयटीत, एच-वन-बी व्हिसावर. आई लग्नाआधी सातारा जिल्ह्यात शिक्षिका होती, इथे आल्यावर बरीच वर्षं घरी. हे गाव त्यांनी आपल्यातले बहुतेक जण निवडतात तसंच निवडलं : घरं शोधायच्या साइटवर शाळेला दहापैकी नऊ गुण, आणि त्या नवासाठी भरावा लागणारा मालमत्ता कर मुकाट मान्य. इथल्या शाळांचा बराचसा खर्च याच करातून निघतो, त्यामुळे चांगली शाळा म्हणजे महाग घर हे गणित सगळ्यांना पाठ असतं. त्या नवात किती मुलांच्या संध्याकाळच्या शिकवण्या मिसळलेल्या आहेत, ते मात्र साइटवर दिसत नाही.

अर्णवची किंडरगार्टन (पहिलीच्या आधीचं वर्ष) २०२० च्या सप्टेंबरात सुरू झाली, म्हणजे लॅपटॉपच्या पडद्यावर. प्रवेशाच्या फॉर्मवर घरची भाषा विचारली होती, आईने 'मराठी' लिहिलं. मग इंग्रजीची चाचणी झाली आणि तो ईएसएलमध्ये गेला, म्हणजे इंग्रजी दुसरी भाषा म्हणून शिकणाऱ्या मुलांच्या गटात. त्यात गैर काही नव्हतं. पण पुढची जवळजवळ चार वर्षं त्याच्या वाचनाविषयी कुणीही काही विचारलं की शाळेकडे दोन उत्तरं तयार असायची : कोविड आणि मराठी.

समस्या

नोव्हेंबर २०२३. तिसरीतली पालकभेट, वेळ पंधरा मिनिटं. बाईंनी सांगितलं की तो 'जे' पातळीची पुस्तकं वाचतो आणि वर्गातली बहुतेक मुलं 'एन'च्या आसपास आहेत. इथल्या पुष्कळ शाळांत गोष्टीच्या पुस्तकांना अशा ए ते झेड पातळ्या लावलेल्या असतात. "पण गोष्ट त्याला छान समजते," बाई म्हणाल्या. ते खरंच होतं. वाचून दाखवलेल्या गोष्टीवर तो असे प्रश्न विचारायचा की मोठ्यांनी विचारात पडावं.

घरी आईने बघितलं ते वेगळं होतं. पानावर 'पोनी' छापलेलं, हा वाचतो 'हॉर्स'. 'बार्न'च्या जागी 'फार्म'. आईने चित्रावर हात ठेवला तेव्हा पहिल्या अक्षरापाशीच गाडी अडली.

हे त्याने स्वतःच्या डोक्याने काढलेलं नव्हतं, त्याला तसंच शिकवलं होतं. शब्द अडला तर चित्र बघ, पहिलं अक्षर बघ, वाक्यात काय शोभेल ते विचार. अमेरिकेतल्या हजारो वर्गांत कित्येक वर्षं वाचन असं शिकवलं गेलं. खरं तर २००० साली सरकारने नेमलेल्या राष्ट्रीय वाचन मंडळाने अहवाल दिला होता, आणि शब्दातले ध्वनी वेगळे ऐकणं आणि अक्षर-ध्वनींची जोडी पद्धतशीर शिकवणं या दोन गोष्टींना त्यात ठळक जागा होती. अहवाल एकीकडे राहिला, वर्ग दुसरीकडे चालत राहिले. २०२४ च्या राष्ट्रीय चाचणीत चौथीतली ४० टक्के मुलं वाचनाच्या किमान पातळीच्याही खाली निघाली. मिसिसिपीसारख्या गरीब राज्याने २०१३ मध्ये कायदा करून शिक्षकांना नव्याने प्रशिक्षण दिलं, तिसरीच्या आत मुलं तपासायला घेतली, आणि पिछाडीवरून देशाच्या सरासरीच्या वर मजल मारली. आमचं गाव श्रीमंत, आमचे आकडे चांगले, त्यामुळे आमच्याकडे कुणाला घाई नव्हती.

त्यात ईएसएलचा एक चकवा आहे, आणि तो मला हे प्रकरण हाताळेपर्यंत माहीत नव्हता. या गटातून बाहेर पडायला दरवर्षी ॲक्सेस नावाची परीक्षा द्यावी लागते. तिच्या एकूण गुणांत ऐकणं आणि बोलणं यांना प्रत्येकी १५ टक्के वजन, वाचन आणि लेखन यांना प्रत्येकी ३५ टक्के. अर्णव अस्खलित इंग्रजी बोलायचा, खेळताना भांडायचाही इंग्रजीतच. पण सत्तर टक्के गुण वाचण्या-लिहिण्याचे, म्हणून दरवर्षी नापास. नापास म्हणून ईएसएलमध्ये. आणि ईएसएलमध्ये आहे म्हणून वाचन येत नाही ते भाषेमुळेच. साप स्वतःची शेपटी गिळत होता आणि दरवर्षी त्याचा सहीशिक्क्याचा कागद घरी येत होता.

मराठीच्या वर्गात काय दिसत होतं

इथे मला माझ्याविषयी लिहावं लागेल. अर्णव बाराखडी सुरात म्हणायचा, एकही अक्षर न चुकता. पण फळ्यावर 'किडा' लिहिलं की थबकायचा. ऱ्हस्व वेलांटी अक्षराच्या आधी लिहायची आणि नंतर उच्चारायची, त्यामुळे सुरुवातीला बरीच मुलं तिथे अडखळतात आणि दोन-तीन महिन्यांत सरावतात. अर्णव दोन वर्षांनीही 'इक…' असं सुरू करून माझ्या तोंडाकडे बघायचा. 'माळ', 'मळा', 'माळा' यांत त्याची गल्लत व्हायची. बरोबर वाचायचा तेव्हाही एकेका शब्दाला इतका वेळ घ्यायचा की वाक्याच्या शेवटी पोचेपर्यंत सुरुवात विसरलेला असायचा.

देवनागरीत अक्षर आणि उच्चार यांची सांगड इंग्रजीपेक्षा फार सरळ असते. वाचनाची मुळातली अडचण असलेलं मूल अशा लिपीत चुका कमी करतं, पण गती येत नाही. हे मला आज माहीत आहे. २०२२ मध्ये मी त्याच्या आईला सांगितलं होतं, "हुशार आहे हो, जरा लक्ष नाही. घरी रोज एक पान घ्या." त्या एका पानावरून त्या घरात रोज रात्री रडारड व्हायची, हे आई मला वर्षभराने बोलली.

समोर आलेले पर्याय

डिसेंबरात आई-बाबा माझ्याकडे आले. टेबलावर कागद घेऊन बसलो.

पहिला मार्ग शाळेनेच सुचवला होता : थांबा. दुसरीपासून त्याला आठवड्यातून दोनदा वर्गाबाहेर नेऊन जादा मदत मिळत होती. आठ आठवडे झाले की बैठक, मग आणखी आठ आठवडे. सगळे गोड बोलायचे. संपण्याची तारीख कुठेच नव्हती.

दुसरा सल्ला ईएसएलच्या बाईंनी दिलेला, सद्भावनेनेच : घरी मराठी कमी करा, इंग्रजीच बोला. बाबा याच्या बाजूने होते. आई गप्प बसली होती. साताऱ्याच्या आजीशी तो रोज व्हिडिओवर बोलायचा, ते बंद करायचं का, एवढंच तिने विचारलं. दोन भाषांमुळे डिस्लेक्सिया, म्हणजे वाचनाची मुळातली अडचण, होत नाही. आणि अडचण फक्त इंग्रजीच्या अपुऱ्या ओळखीची असती तर मराठी वाचन तरी सुरळीत असायला हवं होतं. हा मुद्दा पुढे फार उपयोगी पडला, पण त्या रात्री तो आम्हाला नीट मांडता आला नव्हता.

तिसरा मार्ग खाजगी. डिस्लेक्सियाच्या मुलांना शिकवणाऱ्या प्रशिक्षित बाई ताशी ११० डॉलर सांगत होत्या. खाजगी मानसशास्त्रज्ञाकडून पूर्ण तपासणी हवी तर चार हजार डॉलर आणि पाच महिन्यांची रांग. पुन्हा तिसरीत बसवण्याचा विषय बाबांनी एकदा काढला आणि स्वतःच मागे घेतला. तीच पद्धत आणखी एक वर्ष वापरून काय होणार होतं?

चौथा मार्ग म्हणजे शाळेने फुकट पूर्ण तपासणी करावी अशी लेखी मागणी. १९७५ पासून अमेरिकेत अपंगत्व असलेल्या प्रत्येक मुलाला मोफत आणि योग्य शिक्षण देण्याचा संघराज्याचा कायदा आहे. १९९० पासून त्याला आयडीईए म्हणतात, आणि वाचनातली अशी अडचण त्यात बसते. आठ-आठ आठवड्यांच्या मदतीचं कारण देऊन तपासणी लांबवता येत नाही, हे संघराज्याच्या शिक्षण खात्याने जानेवारी २०११ मध्येच सगळ्या राज्यांना कळवलं आहे.

मग अडलं कुठे? बाबांच्या मनात. "ताई, स्पेशल एज्युकेशनचा शिक्का बसला की कायमचा. आणि आम्ही व्हिसावर. शाळेशी भांडण काढलं तर ग्रीन कार्डाला काही…" वाक्य त्यांनी पूर्ण केलं नाही. ही भीती मी आपल्या लोकांत इतक्या वेळा ऐकली आहे की तिला हसण्यावारी नेत नाही. सरकारी शाळेला मुलाच्या किंवा आईबापाच्या व्हिसावरून शिक्षण नाकारता येत नाही, हा सर्वोच्च न्यायालयाचा १९८२ चा निकाल आहे. ग्रीन कार्ड देताना 'सरकारवर भार' पडेल का ते बघतात, त्या हिशेबात शाळेत मिळणारं शिक्षण धरत नाहीत. मुलाला होता होईल तो नेहमीच्याच वर्गात ठेवायचं, हेही आयडीईएतच आहे. हे सगळं मी सांगितलं. बाबांनी मान हलवली, पटलं नव्हतं.

पटवलं शेवटी वर्गशिक्षिकेनेच. नाताळच्या सुटीआधीच्या शुक्रवारी शाळा सुटताना पार्किंगमध्ये त्या आईच्या गाडीपाशी आल्या. "तुम्ही तपासणीची मागणी लेखी करा. ईमेल केलात तरी तारीख घाला. आणि हे मी तुम्हाला सांगितलेलं नाही." चोवीस मुलांचा वर्ग सांभाळणाऱ्या त्या बाईंना दिसत सगळं होतं. तपासणीचा खर्च जिल्ह्याचा, म्हणजे इथल्या शाळा चालवणाऱ्या मंडळाचा, मुलगा पात्र ठरला तर वर्षानुवर्षांचा खर्चही जिल्ह्याचा, तेव्हा वर्गशिक्षकांनी अशी गोष्ट तोंडाने सुचवलेली वरच्यांना रुचत नाही. मूळ कायद्याच्या वेळी संघराज्याने जादा खर्चाचा ४० टक्के वाटा उचलायचं ठरवलं होतं. नेहमीच्या वर्षी त्याच्या निम्मेही पैसे येत नाहीत. पार्किंगमधल्या त्या कुजबुजीमागे हा हिशेब असतो.

काय केलं

पत्र ८ जानेवारी २०२४ ला गेलं. दीड पान. त्यात तक्रार नव्हती, कुणावर दोष नव्हता : मुलगा काय वाचतो, काय वाचू शकत नाही, आतापर्यंत कोणती मदत झाली, आणि शेवटी एक वाक्य की आम्ही संपूर्ण तपासणीची मागणी करत आहोत. न्यू जर्सीत अशी लेखी मागणी पोचल्यापासून २० दिवसांच्या आत शाळेला बैठक घ्यावी लागते. पालकांनी तपासणीला संमती दिल्यापासून ९० दिवसांत तपासणी, निर्णय आणि कार्यक्रमाची सुरुवात व्हावी लागते. तोंडी विचारणं दोन वर्षं चाललं होतं. त्याचा दिवस कुणी मोजला नव्हता.

बैठक २५ जानेवारीला झाली. समोर चाइल्ड स्टडी टीम, म्हणजे शाळेचे मानसशास्त्रज्ञ, समाजसेविका आणि शिक्षण-अडचणींच्या सल्लागार शिक्षिका. आईला इंग्रजी येतं, पण अशा बैठकीतलं इंग्रजी वेगळं असतं, म्हणून तिने दुभाषी मागितला होता. फोनवर जोडून दिला तो हिंदीचा. "चालेल ना?" आईने चालवून घेतलं. तिथे अडून बसायला हवं होतं असं मला अजूनही वाटतं. 'उच्चारजाणीव', म्हणजे शब्दातले ध्वनी वेगळे ऐकणं, कशाला म्हणायचं यावर हिंदीतून मराठीत आणि मराठीतून इंग्रजीत येताना दहा मिनिटं गेली.

मानसशास्त्रज्ञ म्हणाले, ईएसएलमधलं मूल आहे, भाषा पक्की होईपर्यंत तपासणीचे निष्कर्ष भरवशाचे नसतात. मग आईने पिशवीतून माझ्या वर्गातले कागद काढले. दोन वर्षांच्या शब्दसूची, प्रत्येक शब्दासमोर लागलेले सेकंद, वेलांटीच्या खुणा, आणि त्याच वर्गातल्या दुसऱ्या तीन मुलांचे, नावं झाकलेले, तसलेच कागद. ती तिन्ही मुलं घरी मराठी बोलणारी, शाळेत ईएसएलमधून केव्हाच बाहेर पडलेली. सल्लागार शिक्षिका बराच वेळ कागद बघत राहिल्या. मग त्यांनी विचारलं, "तुमच्या लिपीत अक्षर जसं दिसतं तसंच वाचतात का?" आई म्हणाली, "जवळपास." तिथून बैठकीची दिशा बदलली. संमतीपत्रावर २९ जानेवारीला सही झाली.

मुलाची तपासणी शक्यतो त्याच्या भाषेत व्हावी असं कायदा म्हणतो. मराठीतून चाचण्या घेऊ शकणारं माणूस जिल्ह्याकडे नव्हतं. तडजोड अशी झाली की चाचण्या इंग्रजीत घ्यायच्या आणि माझ्या वर्गातल्या नोंदी अहवालाला जोडायच्या. मार्चअखेर अहवाल आला. बुद्धी सरासरी, ऐकून समजणं सरासरीच्या वर, सुटे शब्द वाचणं शंभरात तळाकडून सहावं, ध्वनी सुटे करणं आणि रंग-अक्षरं भराभर सांगणं दोन्ही फार मंद. मोठ्याने वाचताना मिनिटाला ३८ शब्द. तिसरीच्या मध्यावर साधारण मूल ९७ च्या आसपास वाचतं.

सहीचा क्षण

माझ्या मते प्रकरणातला सगळ्यात नाजूक टप्पा ४ एप्रिलचा. 'विशिष्ट अध्ययन अक्षमता' म्हणून तो पात्र ठरला आणि त्याच बैठकीत आयईपीचा, म्हणजे त्याच्या वैयक्तिक शिक्षण कार्यक्रमाचा, मसुदा पुढे आला. पाच मुलांचा गट, आठवड्यातून दोनदा, अर्धा तास. ध्येय : 'वाचनात सुधारणा होईल.' चार वर्षं वाट बघून थकलेल्या आईने पेन हातात घेतलं होतं. बाबांनीच तिचा हात धरला. "घरी नेऊन वाचतो." ज्यांना शाळेशी बोलायचीच भीती वाटत होती ते हेच बाबा.

पहिली आयईपी पालकांच्या लेखी संमतीशिवाय सुरू होत नाही. पुढच्या आयईपींचं मात्र उलट आहे : न्यू जर्सीत १५ दिवसांत हरकत घेतली नाही तर ती आपोआप लागू होते. दुसऱ्या वर्षी गाफील राहिलेले दोन पालक माझ्या ओळखीत आहेत.

दोन आठवडे पत्रं गेली-आली. मागण्या तीन होत्या. एक, मदत कोणत्या पद्धतीने मिळणार ते लिहा : ध्वनी, अक्षर, शब्दाचे तुकडे अशा क्रमाने, पद्धतशीर, आणि ती पद्धत शिकलेल्या शिक्षकाकडून. दोन, ध्येयात आकडा हवा. तीन, कागदावर 'डिस्लेक्सिया' हा शब्द हवा. तिसऱ्यावर शाळा म्हणाली, "आम्ही तो शब्द वापरत नाही, ते डॉक्टरांचं काम." शिक्षण खात्याने ऑक्टोबर २०१५ मध्ये पत्र काढून स्पष्ट केलं आहे की आयईपीत हा शब्द वापरायला कायद्याची कसलीही आडकाठी नाही. त्या पत्राची प्रत जोडली आणि शब्द आला. पद्धतीचं नाव शाळेने लिहून दिलं नाही, वर्णन दिलं. ते आम्ही स्वीकारलं. शेवटी ठरलं ते आठवड्यातून चार दिवस, ४५ मिनिटं, तिघांचा गट. सही १८ एप्रिलला, सुरुवात २२ एप्रिलला.

परिणाम

जून २०२५, चौथीची अखेर : मिनिटाला ७९ शब्द. साधारण मूल तेव्हा १३३ वर असतं. म्हणजे दुपटीहून जास्त प्रगती, आणि दरी जवळजवळ तेवढीच. याला यश म्हणावं का यावर माझं आणि त्याच्या आईचं एकमत नाही. तिचं मोजमाप वेगळं आहे. तो आता चित्र नसलेलं पुस्तक हातात घेतो, आणि शाळेच्या सकाळी त्याचं पोट दुखत नाही.

स्पेलिंग अजून दयनीय. ॲक्सेस परीक्षेत थोडक्यात पुन्हा हुकला, त्यामुळे ईएसएल चालूच. मराठीत वेलांटीची अडचण सुटली, जोडाक्षरांशी अजून झटापट चालते. आजीशी बोलणं कधीच बंद झालं नाही. आजीला डिस्लेक्सियाबद्दल मात्र अजून सांगितलेलं नाही. बाबांची तशी इच्छा आहे.

वेगळं काय करता आलं असतं

न्यू जर्सीत २०१४ पासून नियम आहे की डिस्लेक्सियाची लक्षणं दिसणाऱ्या मुलाची दुसरीच्या पहिल्या सत्राच्या आत तपासणी व्हावी. अर्णवच्या फायलीत तशी नोंद सापडली नाही. लक्षणं भाषेच्या खात्यात टाकली की हा नियम लागूच होत नाही, अशी ती पळवाट. २०२४ च्या नव्या कायद्याने किंडरगार्टन ते तिसरीच्या सगळ्या मुलांची वर्षातून दोनदा वाचनतपासणी ठरवली आहे, २०२५-२६ पासून. 'लक्षणं दिसली तर' हे शब्द गेले, हे मला त्यातलं सगळ्यात मोलाचं वाटतं.

शाळेच्या हातात पैसे न लागणारी गोष्टही होती. ईएसएलच्या बाई आणि चाइल्ड स्टडी टीम पहिल्यांदा एका खोलीत बसल्या त्या २०२४ च्या जानेवारीत. बोलण्यात उत्तम आणि वाचनात तळाशी अशी ॲक्सेसची गुणपत्रिका दोन वर्षं ओळीने आली, तेव्हाच कुणीतरी त्या दोन आकड्यांतल्या फरकाकडे बघायला हवं होतं. जादा मदतीच्या प्रत्येक फेरीला शेवटची तारीख आणि 'इतके शब्द झाले नाहीत तर तपासणी' अशी अट लिहिली असती, तर दुसरीतच निकाल लागला असता.

पालकांनी वाया गेलेल्या काळाची भरपाई म्हणून जादा तास मागायला हवे होते. शाळेच्या अहवालाशी मतभेद असेल तर जिल्ह्याच्या खर्चाने बाहेरची तपासणीही मागता येते. अहवाल पटला होता, म्हणून ती वेळ आली नाही. भरपाईचा विचार आम्हाला उशिरा सुचला, तोवर सगळे दमले होते.

आणि मी. आमच्या मराठी शाळेत आता प्रत्येक सत्राच्या सुरुवातीला एक पान असतं : वीस शब्द, घड्याळ, खुणा. गोष्ट साधी आहे, पण 'लक्ष नाही' असं म्हणण्याआधी ते पान काढायचं असा आमचा आपसातला नियम आहे. गेल्या वर्षी दोन घरांशी त्यावरून बोलणं झालं. एका आईने आभार मानले, दुसऱ्या घराने मुलीला आमच्या शाळेतून काढलं.

सप्टेंबर २०२५ मध्ये अर्णवला शिकवणाऱ्या प्रशिक्षित बाई दुसऱ्या जिल्ह्यात गेल्या. जागी आलेल्या तरुण शिक्षकाचं त्या पद्धतीचं प्रशिक्षण झालेलं नाही, हे अर्णवनेच घरी सांगितलं : "ते म्हणतात, चित्र बघ." त्याच रात्री आईने शाळेला पत्र लिहिलं, आयईपीतल्या ओळीचा हवाला देऊन, तारखेसह, आणि बैठकीला मराठीचाच दुभाषी हवा असं खाली वेगळ्या ओळीत. मसुदा मला दाखवला नव्हता. सकाळी मला नुसती प्रत आली.